उशीखालचा कागद

ज्या गोष्टीवर तुमचा मनापासून विश्वास आहे, ती तुम्ही शेजाऱ्याला समोर बसून, त्याच्या डोळ्यांत बघून शेवटची कधी सांगितलीत? फॉरवर्ड करून नाही, दाराखालून कागद सरकवून नाही. समोर बसून... सहा आठवड्यांपूर्वी रविवारी दुपारी परबकाकूंचा फोन आला, "तुझी मावशी गेली गो," आणि तेव्हापासून हा प्रश्न मी स्वतःला रोज विचारते आहे. रूथमावशी गेल्याची बातमी मला कुणा नातेवाइकाकडून किंवा आमच्या चर्चच्या मंडळीतल्या कुणाकडून कळली नाही. ती कळली दहिसरच्या तिच्या चाळीतल्या शेजारणीकडून, जिच्या घरात रोज सकाळी देव्हाऱ्यापुढे दिवा लागतो आणि जिने मावशीला आपल्या घरात एकदाही प्रार्थना करू दिली नाही.

मी पत्रकांवर वाढले. माझे वडील प्रभूची सुवार्ता सांगणारी पत्रकं छापायचे, आणि आमच्या घरात बसायला खुर्ची कमी पण पत्रकांचे गठ्ठे भरपूर. दहा वर्षांची असल्यापासून मी बोरिवलीच्या बाजारात ती वाटली आहेत. लोक घ्यायचे, चुरगाळायचे, त्यात शेंगदाणे बांधायचे, आणि मी पुढच्याच्या हातात दुसरं कोंबायचे. साक्ष देणं म्हणजे हेच, असा माझा ठाम समज होता. त्यामुळे रूथमावशी मला जरा भित्रीच वाटायची. ती पालिकेच्या दवाखान्यातून निवृत्त झालेली परिचारिका. ती कधी कुणाला पत्रक देताना मला दिसली नाही.

परबकाकांना अर्धांगवायू झाला आणि ते अंथरुणाला खिळले, तेव्हा मावशी पहिल्याच दिवशी ड्रेसिंगचा डबा घेऊन त्यांच्याकडे गेली. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून त्यांची कूस कशी बदलायची, हे तिने काकूंना दाखवलं. निघताना विचारलं, "यांच्यासाठी प्रार्थना करू का? नको म्हणालीस तरी उद्या येणारच आहे." काकू म्हणाल्या, "नको." मावशी म्हणाली, "बरं. पण का येतेस असं कधी विचारलंस, तर खरं सांगेन." मग ती रोज संध्याकाळी सहाला जायला लागली. काकूंनी चिडून, थट्टेने, कधी रडताना विचारलं की ती एवढंच सांगायची, "येशूने मला उचललं होतं, म्हणून मी यांना उचलते." त्यावर काकू म्हणायच्या, "बरा, आता चाय पी."

मी सतरा वर्षांची होते. सुट्टीत मावशीकडे राहायला गेले होते आणि तिच्या मदतीला रोज परबांकडे जात होते. इतकी सेवा करते आणि प्रभूचा संदेश मात्र पोचवत नाही, हे मला सहन होईना. एका संध्याकाळी चादर बदलताना मी काकांच्या उशीखाली एक पत्रक सरकवलं. मला वाटलं, मी धाडस केलं...

दुसऱ्या दिवशी काकांचा मुलगा महेश तो कागद घेऊन गॅलरीत उभा. चार दारं उघडली. "मावशी, हे काय? आधी सेवा, मग धर्म. तुमचं असंच असतं ना?" मी तोंड उघडणार, तेवढ्यात मावशीने माझा दंड धरला. "कागद आमचाच आहे, महेश. माझ्या भाचीने ठेवला. लपवून ठेवला, ही आमची चूक, त्याची मी माफी मागते. त्यात लिहिलंय त्याची माफी मागणार नाही. ते मी तुझ्या आईला तोंडाने सांगत आलेच आहे." महेश म्हणाला, "उद्यापासून येऊ नका." ती म्हणाली, "घर तुझं आहे. नाही येणार."

मी तिच्यावरच भडकले. चांगलंच लिहिलेलं लपवून ठेवलं तर काय बिघडलं, असं मी विचारलं. "तो माणूस स्वतःची कूसही बदलू शकत नाही," मावशी म्हणाली. "त्याच्या डोक्याखाली तू असं काहीतरी ठेवलंस, जे तो काढूनही टाकू शकत नव्हता. आपला प्रभू दार ठोठावतो गं. तू खिडकीतून आत शिरलीस." तिने धरलेला माझा तो दंड अजूनही दुखतो.

त्या दिवसापासून रोज सहा वाजता ती आपल्या दाराबाहेर स्टुलावर बसायला लागली. मांडीवर डबा. परबांच्या घराकडे बघायचीसुद्धा नाही. आत काकांच्या पाठीला जखम होऊन ती चिघळत होती, हे साऱ्या चाळीला कळलं होतं, तिला तर वासावरूनच कळलं असणार. पण तिने उंबरा ओलांडला नाही. मी म्हटलं, "मग निदान आपल्या घरात तरी बस." ती म्हणाली, "हाक आली तर ऐकू यायला नको?" नवव्या दिवशी काकू बाहेर आल्या. "भायर बसान कसली राखण करतंस? भितूर ये." मावशीने मला पुढे ढकललं. मी काकांच्या कानाशी वाकून माफी मागितली. ते बराच वेळ शब्द जुळवत राहिले आणि म्हणाले, "अक्षर... बारीक हा. वाचूक जमला नाय." महेशला हसू आवरेना.

काका त्यानंतर चार वर्षं जगले, आणि ते गेल्यावरही मावशीचं सहा वाजता जाणं सुटलं नाही. यंदा ती स्वतः अंथरुणावर पडली, तेव्हा काकू तिच्याकडे यायला लागल्या. मी तिथे होते त्या संध्याकाळी काकू म्हणाल्या, "रूथ, माझ्या देवाक तुझ्यासाठी गाऱ्हाणा घालू काय? नको म्हटलंस तरी मी हयसून उठूचंय नाय." मावशीने काकूंचा हात घट्ट धरला. "तू विचारलंस, हेच खूप आहे. पण नको गं. मी येशूच्या भरवशावर चाललेय, आता दुसऱ्या कुणाकडे मागणार नाही." "बरा," काकू म्हणाल्या. "इतकी वर्षां ताच ऐकतंय. चाय करतंय." पण आधी म्हटल्याप्रमाणे तिथून उठल्या नाहीतच, मीच चहा केला... दोघींपैकी कुणीही तसूभर सरकली नव्हती, आणि त्यांच्याइतकं जवळचं मी कुणाला पाहिलेलं नाही.

मावशी गेल्यावर तिची खोली आवरताना, उपासनेला न्यायच्या कापडी पिशवीत मला वडिलांची वीसेक पत्रकं सापडली. म्हणजे ती देत होती. ज्याने मागितलं त्याला, हातात. प्रत्येकाच्या मागे तिचं नाव, खोलीचा नंबर, आणि खाली बॉलपेनने लिहिलेलं, "सातनंतर घरी असते. पटलं नाही तरी भांडायला या."

मी पत्रकं वाटणं सोडलेलं नाही, सोडणारही नाही. पण आता प्रत्येकावर माझं नाव असतं. तुमची श्रद्धा कोणतीही असो, माझी तुम्हाला एक विनंती आहे. पुढच्या वेळी ती कुणाच्या हातात ठेवाल, तेव्हा आधी विचारा, त्यावर स्वतःचं नाव आणि पत्ता लिहा, आणि त्या संध्याकाळी घरी थांबा.