समोरच्याची सही

निबंध कितीही झकास असो, खाली समोरच्याची सही नसेल तर आमच्या वरच्या मजल्यावरचे सर तो ऐकूनच घेत नसत. कॉलेजातली मुलं त्यांना 'सहीवाले सर' म्हणत. म्हणजे कसं, तुम्ही आपलं मत पोटतिडकीनं लिहा. पण त्यात एक पॅरा विरुद्ध मताच्या माणसाचा हवा. तो त्याच माणसाला दाखवायचा आणि "हो, मी हेच म्हणतो" अशी त्याची सही आणायची. मग पुढचं.

इंदूरच्या मल्हारगंजात माझं पापड-मसाल्याचं दुकान, बरोबर त्यांच्या जिन्याखाली. त्यामुळे सहीसाठी हिंडणारी मुलं मला दिसत. एकानं हेल्मेटच्या सक्तीवर लिहिलं, तर त्याचे मामा सही देईनात. "काकी, मामाजी बोल रहे, पहले अपना लाइसेंस दिखा," असं तोंड पाडून सांगत होता. मला वाटे, हे सर शिकवतात की छळतात? सातवीनंतर मला शाळा नाही, तेव्हा कुतूहल जरा जास्तच.

मग एकदा नूपुर नावाची मुलगी माझ्याकडेच आली. तिला आमच्या गल्लीत गाड्या बंद करायच्या होत्या आणि मी होते विरोधात. तिनं लिहिलं होतं, 'दुकानदारांना फक्त आपला धंदा दिसतो.' मी सही केली नाही. म्हटलं, "बेटा, हे तुझं म्हणणं झालं. माझं कुठंय?" ती फुरंगटून वर गेली आणि लगेच खाली आली. सर म्हणाले होते, "वाद घालू नको. दुपारभर तिथे बस."

बसली बिचारी, मिरचीच्या ठसक्यानं शिंकत. मग लिहिलं, की गुडघे धरलेल्या बायका मुलाच्या स्कूटरवरून थेट पायरीशी उतरतात, हळद हुंगून घेतात; गाडी नाक्यावर थांबली तर त्यांचा बाजारच सुटेल. मी मुकाट सही केली. पुढे तिनं गाड्या बंदच करा असं लिहिलं, पण म्हाताऱ्यांसाठी ई-रिक्शा सोडा, हेही. अन् गंमत बघा, मला राग आला नाही. सरांना विचारलं, हे कसं हो? म्हणाले, "वहिनी, तिनं तुमचं ऐकलं, मग तुम्हीही तिचं ऐकलंत. एवढंच."

अलीकडे दोनेक वर्षं ते निबंध मुलांकडून मोठ्यानं वाचून घेत. "कानाला पटलं पाहिजे," म्हणत. मला वाटलं, हीपण शिकवायची रीत.

एक दिवस सांगितलं, पुण्याला मुलाकडे जातोय, कायमचा. वर एकटेच राहत, पण दिवसभर मुलांचा राबता. हे सगळं सोडून? मी हट्टाला पेटले. सरांनी इंदूर का सोडू नये, यावर पानभर लिहिलं. जन्मातला पहिला निबंध. वर जाऊन वाचून दाखवला.

"छान आहे. समोरच्याची सही?"

"समोरचे तुम्हीच."

"मग माझं म्हणणं कुठंय?"

नव्हतंच. मग चार दिवस मीपण नूपुरसारखी त्यांच्याकडे जाऊन बसले, वाद न घालता. चहाचा कप ते टेबलावर हात फिरवून शोधत. दारात उभी राहिले तर मी बोलेपर्यंत ओळखत नसत. गॅस बंद झाला की नाही, ते शेगडीशी कान नेऊन ठरवत. इतकी वर्षं जिन्याखाली बसून मला हे दिसलं नव्हतं.

पाचव्या दिवशी त्यांच्या बाजूचा पॅरा लिहून नेला आणि वाचून दाखवला: 'मला जायचं नाहीये. पण डोळ्यांतला उजेड चाललाय. शेगडीच्या बाबतीत एखाद्या दिवशी चुकलो, तर खाली वहिनींचं दुकान आहे, तेही पेटेल.'

सर म्हणाले, "हे शेवटचं मी कुणाला बोललो नव्हतो."

"मला ठाऊक आहे."

"पेन द्या. कुठे करू?"

मी त्यांचं बोट धरून कागदावर टेकवलं.

तो कागद दुकानात माझ्याजवळ आहे. वरचं माझं म्हणणं मी खोडलेलं नाही, सरांनी जाऊ नये म्हणजे जाऊ नये. खाली त्यांची सही आहे, ओळ सोडून जरा वर चढलेली.