प्लायवूडपलीकडचे कान

कळमनुरीच्या प्रेमदास आडेचा या जगात फक्त स्वतःच्या बोटांवर विश्वास होता, आणि त्यातही डाव्या करंगळीबद्दल त्याला जराशी शंकाच होती. बाकी सगळं जग त्याच्या लेखी चौकशीवर होतं. चहात साखर जास्त पडली, तर हॉटेलवाल्याचं आपल्याकडे काय काम निघालं असेल, असा विचार करत तो बसे. एकदा सासुरवाडीहून न मागता तुरीची डाळ आली, तेव्हा त्यानं ती आधी बायकोला वाढली आणि संध्याकाळपर्यंत तिच्याकडे निरखून पाहत राहिला. शिवकन्या त्या दिवशी मुद्दाम दोनदा खोकली.

लग्नाचे व्हिडिओ कापून जोडायचा त्याचा धंदा. डोंगरकड्याजवळच्या तांड्यावरून येऊन त्यानं नांदेड रस्त्याला दुकान टाकलं आणि लोकांना एकच शब्द दिला: मांडवपरतणीला व्हिडिओ हातात. नवी नवरी पहिल्यांदा माहेरी परतते, त्या दिवशी सगळ्या भावकीला दाटीवाटीनं बसून लग्न पुन्हा बघायचं असतं. कोण कसं दिसलं, कोणी काय नेसलं होतं, कोणाचं तोंड वाकडं होतं. तो शब्द प्रेमदासनं कधी मोडला नव्हता. पण समोर विकासनं दुकान उघडलं आणि तोही मांडवपरतणीला व्हिडिओ द्यायला लागला. आता वेगाचीच लढाई होती.

प्रेमदासचा वेग कीबोर्डच्या शॉर्टकटमध्ये होता. माउसला तो सहसा शिवत नसे. 'जे'चं बटण दाबलं की वरात मागं, 'एल' दाबलं की पुढं, 'के' दाबलं की घोडा जागच्या जागी थबकलेला. याखेरीज त्यानं स्वतः नेमलेली बटणं होती. एक हळदीचा पिवळा खुलवणारं, एक आहेराची रांग भरभर पळवणारं. हे सगळं त्याच्या बोटांत होतं, दुसरं कुठंही नाही. जुन्या कीबोर्डवरची अक्षरंही झिजून गेली होती. ती देवाची कृपा आहे असं तो मानी.

धोका एकच होता, आणि तो शेजारी होता. हैदरभाई कॉम्प्युटर आणि मोबाईल दुरुस्त करी. दोघांच्या दुकानांमध्ये प्लायवूडचं पार्टिशन होतं. विकासचा कॉम्प्युटरही बिघडला की हैदरकडेच येई. एवढं कळल्यावर प्रेमदासला पुढचं कोणी सांगायची गरज नव्हती. हैदर पलीकडून बटणांचा आवाज ऐकतो, मनात मांडतो आणि समोर पोचवतो. म्हणून त्यानं तोड काढली. प्रत्येक खऱ्या कटानंतर करंगळीनं कोपऱ्यातलं एक बिनकामाचं बटण दोनदा वाजवायचं. टक-टक. त्यानं काहीच होत नसे, फक्त ऐकणारा फसे. वर्षानुवर्षं प्रेमदास असा आपल्याच कामात खोटं बोलत आला होता.

मग ऐन लग्नसराईत जुना कीबोर्ड अडखळायला लागला. नवा घ्यायचा तर जवळ हैदरच होता. संशयिताकडूनच हत्यार विकत घ्यायची वेळ आली.

हैदरनं आधी बिनतारी कीबोर्ड पुढं केला. प्रेमदास दोन पावलं मागं सरकला.

"तार न्हाई म्हणल्यावर मी दाबलेलं कॉम्प्युटरपर्यंत जाऊस्तोर मधात कोण हाय?"

"हवा हाय, भाऊ."

"हवा कुनाकडंबी वाहते."

लहान आकाराचा कीबोर्ड त्यानं नाकारला, कारण त्यातली बाकीची बटणं का काढली असावीत ते कळेना. बटणांखालून उजेड येणारा नाकारला, कारण रस्त्यावरून बोटं दिसली असती. शेवटी हैदरनं एक जडशीळ कीबोर्ड ठेवला, ज्याच्या प्रत्येक बटणाखाली स्वतंत्र स्प्रिंग होती. दाबलं की बोटाला बराबर कळतं, असं त्याचं म्हणणं. कळत होतंच, पण ते शेजाऱ्यालाही कळेल एवढा खणखणीत आवाज येत होता. चांगल्या बटणाला आवाज असतोच, असं हैदर म्हणाला. कान लावून बसणारा दुसरं काय म्हणणार, असं मनात म्हणत प्रेमदासनं तो घेतला.

घरी नेलेल्या नव्या भांड्याला हळदीकुंकू लावावं, तशा कौतुकानं त्यानं प्रत्येक बटणाला काम नेमून दिलं. एकही रिकामं ठेवलं नाही. कोपऱ्यातल्या बटणाला तर सगळ्यात मोठा मान मिळाला: ज्या तुकड्यावर असाल तो उचलून फेकायचा आणि पुढचं मागं सरकवून भोक बुजवायचं.

पहिलं काम चतुराबाईच्या सपनाच्या लग्नाचं आलं. मांडवपरतणीच्या आदल्या दिवशी सकाळी चतुराबाई चौकशीला आली. साखरा गावचा थावरामामा, म्हणजे तिचा सख्खा भाऊ, लग्नात मानपानावरून रुसला होता. त्याला मोठ्या मिनतवारीनं मांडवात आणला होता.

"उद्या तो सगळ्यांच्या म्होरं बसनार हाय," ती म्हणाली. "व्हिडिओत त्यो दिसला न्हाई, तर उठून जाईल. मंग माझं माहेर तुटलंच म्हण, प्रेमदास."

ती गेल्यावर त्यानं तयार व्हिडिओ लावला. सपना मांडवात एकटीच चालत येत होती. तिच्या कोपराशी मामाच्या गुलाबी फेट्याचं टोक क्षणभर चमकलं आणि गेलं. आहेराच्या रांगेत सगळं गणगोत होतं, मामा नव्हता.

त्यानं मूळ चित्रीकरणातून मामाला उचलून पुन्हा जागेवर बसवलं. पुढचं काम करून मागं येऊन बघतो, तर मामा पुन्हा गायब. प्रेमदासनं हात कीबोर्डवरून उचलले. त्यानं कीबोर्ड उलटा करून पाहिला, हुंगला, कानाशी धरून हलवला. यात हैदरनं काहीतरी घातलंय, यात त्याला आता शंका उरली नाही. तो कीबोर्ड काखेत मारून तरातरा शेजारी गेला आणि आत बसून कोण मामा उडवून राहिलं, ते सांगा म्हणाला.

हैदर हसला नाही. प्रेमदासच्या दुकानात येऊन त्यानं कीबोर्ड जोडला, काम चालू करायला सांगितलं आणि डोळे मिटून ऐकत उभा राहिला. थोड्या वेळानं त्यानं डोळे उघडले.

"हे शेवटी टक-टक काहून करता तुमी?"

प्रेमदासनं करंगळी मुठीत लपवली. "ते... ऐकणाऱ्यासाठी हाय."

हैदरनं पार्टिशनकडे पाहिलं. "म्हंजे माझ्यासाठी."

प्रेमदास कीबोर्डवरची नसलेली धूळ पुसायला लागला.

"आता तेच एकदा स्क्रीनकडं बघून दाबा."

करंगळी खाली गेली. टक. मामा गेला. टक. मामाच्या शेजारची मावशीही गेली.

प्रेमदासची करंगळी अशी उघड्यावर पकडली गेली. हैदरनं मात्र ना तक्रार केली, ना टोमणा मारला. दुकानातून वायरला गुंडाळायची काळी टेप आणली, प्रेमदासची करंगळी शेजारच्या बोटाला घट्ट बांधली आणि आपल्या कामाला निघून गेला. प्रेमदासनं आयुष्यात पहिल्यांदा फक्त खरी बटणं दाबली, तीही प्लायवूडला ऐकू जातील अशी. उन्हं कलायच्या आत व्हिडिओ तयार होता. आजवर इतका वेळ ती टक-टकच खात होती, हे त्याला तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी चतुराबाईच्या अंगणात थावरामामानं स्वतःला मांडवात येताना पाहिलं, फेटा सावरला आणि तेवढं पुन्हा लावा म्हणाला. मग आणखी एकदा. चतुराबाईनं सगळ्यांच्या आधी त्याला वाढलं.

प्रेमदास उरलेली टेप परत द्यायला गेला, तेव्हा हैदरनं चहा पुढं केला आणि सहज म्हणाल्यासारखं म्हणाला, "विकासनं मागं इचारलं होतं, प्रेमदास येवढं झटपट कसं करतो म्हणून."

"मंग?"

"जे ऐकू आलं ते सांगितलं. म्हणलं, प्रत्येक कटानंतर कोपऱ्यातलं बटण दोनदा. खरी चाल त्यातच हाय."

"म्हंजे तुमी खरंच ऐकत होता."

"प्लायवूड हाय, भाऊ. भिंत थोडीच हाय."

रस्त्यापलीकडे विकास मान खाली घालून काम करत होता. रहदारी थोडी थांबली तशी तिकडून ऐकू आलं: टक-टक. त्यानं काय होतं हे त्यालाही कळत नसावं, आणि सोडवतही नसावं. प्रेमदासचा चेहरा मांडवातल्या मामासारखा फुलला.

मग एकदम त्याच्या मनात आलं की हैदरनं हे आपल्याला आज, आत्ता, चहा देऊन का सांगितलं असावं. त्यानं एक घोट घेतला. साखर जरा जास्तच होती. त्यानं एकदा हैदरकडे पाहिलं, एकदा टेपचा चिकटा राहिलेल्या करंगळीकडे पाहिलं, आणि दोघांत कमी संशयित कोण ते ठरवून उरलेला चहा पिऊन टाकला.