बोनेटमध्ये पाडलेला भांग

अंबरनाथच्या आनंदनगरात, कारखान्यांच्या वसाहतीत, गाडी उभी केली की तिच्यावर काय काय पडतं ते तिथं काम करणाऱ्यालाच माहीत. एका कारखान्याची काजळी, दुसऱ्याची पांढरी भुकटी, आणि लोखंड घासणाऱ्या शेडमधून उडणारा बारीक कीस. हा कीस रंगावर बसला की तिथंच गंजतो आणि घर करतो. धुऊन जात नाही. मी रोज धुवायचो, तरी जायचा नाही.

मी शेठचा ड्रायव्हर होतो. शेठ उल्हासनगरचे सिंधी, कारखाना अंबरनाथला, गाडी गडद निळी, पुढे-मागे स्टीलसारखे चमकणारे बंपर. मी शाळेत दुसरीपर्यंत गेलो. तिसरीला मास्तर बदलले, नवे मला पटले नाहीत, म्हणून जायचं बंद केलं. पण गाडीतलं मला कुणी शिकवावं अशी वेळ तेव्हाही नव्हती आणि आजही नाही.

नव्वदनंतरची गोष्ट. थोरल्या मुलीचं लग्न बदलापूरला ठरलं. मुलगा चांगला, नोकरीला. व्याही भांड्यांच्या कारखान्यात बफिंगला होते, म्हणजे फिरत्या चाकावर पितळ-स्टील घासून चकाकी आणायचं काम. उभा जन्म चकाकी बघण्यात गेलेला माणूस. तो कुठल्याही वस्तूकडे सरळ बघत नाही. मान तिरकी करतो, उजेडाच्या बाजूला जातो, मग एक डोळा मिटतो. आमच्या मुलीकडेही त्यांनी तसंच बघितलं असं आमच्या बायकोचं म्हणणं होतं.

सुपारी फुटली त्या दिवशी मी शेठची गाडी घेऊन गेलो होतो. मुलीची पाठवणी याच गाडीतून होणार, शेठनी शब्द दिलाय, असं मी चारचौघांत सांगितलं. व्याही उठले, बाहेर जाऊन बोनेटवर बोट फिरवलं, तिरकी मान करून बघितलं आणि परत येऊन बसले.

"मुलगी पसंत आहे," ते म्हणाले. "गाडीचं तेवढं बघा."

सगळे हसले. मला काही हसू आलं नाही. मी म्हणालो, "लग्नाच्या दिवशी याच बोनेटमध्ये तोंड बघून तुम्ही भांग पाडाल."

व्याह्यांच्या डोक्यावर भांग पाडण्याइतका माल फारसा नव्हता, त्यामुळे ते शब्द जरा जास्तच लागले असावेत. पण बोललो ते बोललो. बुवापाड्यात आमच्या गल्लीपर्यंत ही गोष्ट मी पोचायच्या आधी पोचली होती. पाण्याच्या नळावर बायका माझ्या बायकोला विचारायला लागल्या, भांग कधी पडणार म्हणून.

लग्नाच्या आदल्या आठवड्यात मी गाडी घेऊन उल्हासनगरला गेलो. गाड्यांच्या सामानाचं एक दुकान मला माहीत होतं. दुकानदार सिंधी, गादीवर बसून खारी खात होता. मी मेटल पॉलिश मागितलं. त्यानं दोन डबे पुढे केले, एक पातळ, एक मलमासारखं घट्ट. मी दोन्ही उघडून वास घेतला. वासावरून मला माल कळतो. मग त्याच्याच शटरच्या पितळी कुलपावर अर्ध्या भागाला हे आणि अर्ध्या भागाला ते लावून घासलं. घट्टवालं अक्षरांच्या खाचांत पांढरं होऊन अडकलं. पातळ स्वच्छ निघालं. मी पातळ घेतलं.

दुकानदार म्हणाला, "साईं, ताला मेरा है, अब दूसरी साइड भी चमका दो."

चमकवून दिलं. मग त्यानं विचारलं, पॉलिश कशाला हवंय? मी बोनेटचं सांगितलं. तो हात झटकत उठला. मेटल पॉलिश बंपरला, रंगाला अजिबात नाही, असं म्हणून त्यानं कपाटातून एक डबी काढली. आत साबणाच्या वडीएवढी निळसर, मऊ माती.

"ये मिट्टी लगाओ. इम्पोर्टेड है."

उल्हासनगरात इम्पोर्टेड म्हटलं की मी एकच विचारतो. "कौनसी गली से?"

तो हसला, पण रागावला नाही. खारीची रिकामी प्लास्टिकची पिशवी त्यानं माझ्या हातात चढवली आणि बोनेटवर हात फिरवायला लावला. इतकी वर्षं मी त्या बोनेटवरून हात फिरवत होतो, मला ते गुळगुळीतच वाटायचं. पिशवीतून हात फिरवला तर वाळूवर फिरवल्यासारखं खरखर लागलं. मी म्हणालो, पिशवीत खारीचा चुरा असेल. त्यानं पिशवी उलटी करून झटकून दाखवली. मग काय, माती घेतली.

कशी वापरायची तेही तो सांगत होता. पाणी मारून फिरवायची, आणि खाली पडली तर सरळ फेकून द्यायची. माझं अर्धं लक्ष होतं. जन्मभर गाडी पुसणाऱ्याला पुसायचं कसं ते कोण ऐकवतं?

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी गाडी आमच्या गल्लीत लिंबाच्या सावलीत लावली. आधी बंपर केले. पातळ पॉलिश, जुन्या बनियनचा तुकडा, आणि असे निघाले की समोरच्या घरातली बाई त्यात बघून टिकली नीट करून गेली. म्हणजे निवड बरोबर होती. मग माती घेतली आणि बोनेटवर फिरवली. ती चिकटली. जोर लावला तर आणखी चिकटली आणि निळ्या रंगावर लांबच्या लांब पट्टे उमटले, चुलीच्या पोतेऱ्यासारखे.

आमची बायको बारवी धरणाकडच्या पाड्यातली. लहानपणापासून भिंती लिंपलेली बाई. ती तांदूळ निवडत होती. सूप बाजूला ठेवून आली.

"माती कधी सुकी फिरवतात काय? पाणी कुठंय?"

मी म्हणालो, पाणीच मागवणार होतो. तिनं बालदी आणली, साबणाचं पाणी केलं, माती भिजवून हातात मळली आणि त्याच मातीनं ते पट्टे उचलून घेतले. मग बोनेटवर पाणी शिंपून हलकेच घसरवायला लागली. आधी खरखर ऐकू यायची. मग आवाज कमी होत गेला आणि शेवटी माती पाण्यावरून नुसती सरकायला लागली. उलटी करून बघितली तर काळी-तांबडी झाली होती. सगळं आनंदनगर तिच्यात उतरलेलं. मग मी तिच्या हातून घेतली, कारण गाडी माझी होती. म्हणजे शेठची.

थोडंच राहिलं होतं. पुढचा भाग, जिथं व्याही वाकणार तो. तेवढ्यात माती हातातून निसटली आणि खाली धुळीत पडली.

"टाका ती," बायको म्हणाली.

दुकानदारही हेच म्हणाला होता ते मला आठवलं. पण चांगली अर्धी शिल्लक असलेली वस्तू मी आयुष्यात कधी फेकलेली नाही. बालदीत धुतली, दोनदा खळखळून धुतली, डोळ्यांजवळ नेऊन बघितली, आणि फिरवली. पाणी वाळलं तसं ऊन बोनेटवर आलं आणि बरोबर मधोमध गोल-गोल ओरखडे दिसायला लागले, रेकॉर्डच्या तबकडीवर असतात तसे. मी वाकून बघितलं. तोंड दिसत होतं, पण गजाआडच्या कैद्यासारखं.

बायकोही वाकली. मग म्हणाली, "व्याही भांग पाडतील, पण वाकडा पडेल."

आता माझ्याकडे एकच वस्तू होती, ते पातळ मेटल पॉलिश. रंगाला अजिबात नाही, असं दुकानदारानं सांगितलेलं. पण मी ते कुलपावर स्वतः बघितलं होतं. जे पॉलिश खाचा भरत नाही ते हळुवार असणारच. आधी वायपरजवळ कोपऱ्यात थोडं लावून बघितलं. बनियनचा तुकडा निळा झाला. रंग निघत होता. बायकोनं पुरे म्हटलं. मी पुरे म्हणायच्या स्वभावाचा नाही. मधल्या ओरखड्यांवर लावलं आणि घासायला लागलो.

तिनं माझं मनगट धरलं. "एवढा जोर नको. पोरीला लहानपणी आंघोळ घालून पुसायचात ना, तसं."

तसं पुसलं. ओरखडे फिके होत गेले. गल्लीतली माणसं येऊन सल्ला देऊन जात होती, कुणी टूथपेस्ट सांगत होतं, कुणी खोबरेल. मी मान वर केली नाही. दुपार उलटली तेव्हा मुलगी बाहेर आली, हाताला हळद तशीच.

"आबा, मी रिक्षातून जाईन," ती म्हणाली, "पण आता जेवून घ्या."

मी जेवलो नाही. ओरखडे गेले तेव्हा जेवलो.

दुसऱ्या दिवशी बुद्धविहारात लग्न लागलं, पांढऱ्या कपड्यांत पोरगी काय दिसत होती ते मी सांगत नाही. पाठवणीच्या वेळी गाडी मीच चालवणार होतो. मुलीच्या बापानं गाडी चालवायची नसते असं चारजण सांगून गेले. मी म्हणालो, शेठच्या गाडीचा गिअर दुसऱ्या कुणाच्या हाती मी देत नाही. बोनेटवर फूल लावू दिलं नाही, सगळी सजावट मागे.

व्याही आले. अख्खी गल्ली गाडीभोवती जमली. त्यांनी आधी बोट फिरवलं. मग मान तिरकी केली, उन्हाच्या बाजूला गेले, एक डोळा मिटला. मी स्टिअरिंगवर बसून पुढे बघत होतो, म्हणजे त्यांच्याकडेच.

"वायपरजवळ एक डाग राहिलाय," ते म्हणाले.

"ठेवलाय," मी म्हणालो. "नजर लागू नये म्हणून."

"आपल्यात नजर कुठली आली, व्याही?"

"आपल्यात नाही. शेजाऱ्यांत आहे."

 व्याह्यांनी खिशातून छोटा कंगवा काढला, बोनेटवर वाकले आणि डोक्यावर होते तेवढे केस नीट दोन्ही बाजूंना केले. सरळ भांग. घाई नाही, हसू नाही. मग कंगवा खिशात ठेवला आणि माझ्या शेजारी येऊन बसले. मागे गल्लीत शिट्ट्या वाजल्या.

बदलापूरच्या रस्त्याला लागलो. मागच्या सीटवर मुलगी रडत होती, आवाज न करता, पण मला ऐकू येत होतं. आरशात बघायचं नाही असं मी ठरवलं होतं. पुढे बोनेटमध्ये झाडं येत होती आणि जात होती. व्याह्यांनी हळूच विचारलं, रंगाला कोणतं पॉलिश लावलंत?

सांगायचं होतं. डबा डिकीतच होता. पण तोंड उघडलं असतं तर मीही रडलो असतो, म्हणून मी नुसती मान आडवी हलवली.

धंद्यातलं गुपित मी लपवलं, असं ते आजही सगळ्यांना सांगतात. मीही सांगू देतो.