गोड न खाणारी झुरळे

वसंता गेल्याचे त्याच्या मुलीने फोनवर सांगितले. मी ‘बरं’ म्हणालो आणि चप्पल घातली. त्याला आता दीड महिना झाला.

प्राणिशास्त्रात एम.एस्सी. होऊन त्याने स्वारगेटजवळ पेस्ट कंट्रोलचे दुकान टाकले, तेव्हा नारायण पेठेतल्या आमच्या आळीने त्याचे नाव ‘झुरळशास्त्री’ ठेवले. त्याला ते मान्य होते. पुढे शहरात सॉफ्टवेअर कंपन्या आल्या आणि त्यांतल्या एकीच्या कॅन्टीनचे काम त्याला मिळाले. ओट्यामागच्या फटींत विषारी गोड जेलचे ठिपके लावले की झुरळे नाहीशी होत. काही वर्षे हे सुरळीत चालले. मग झुरळे परतली आणि जेल तसेच वाळून जाऊ लागले. औषधात भेसळ असल्याचा मॅनेजरला संशय आला. काम जाण्याची वसंताला पर्वा नव्हती. नाव जाण्याची होती. “चल, साक्षीला,” एवढेच तो मला म्हणाला.

तिथेच पकडलेली झुरळे त्याने काचेच्या पेटीत सोडली. एका बशीत ग्लुकोजची पूड कालवलेली कणीक, दुसरीत नुसती कणीक. विष कशातच नव्हते. पहिल्या बशीला मिशा लावून झुरळे मागे फिरली. दुसरी त्यांनी फस्त केली.

“म्हणजे काका, ती शिकली?” तरुण मॅनेजरने विचारले.

“अहो, शिकायला जिवंत राहावं लागतं. चाखणारी मेलीच. गोड न रुचणारी चार-दोन पहिल्यापासून होती, ती वाचली. त्यांची पोरं, पोरांची पोरं… आता सगळं कॅन्टीन त्यांचंच. निवड आपणच केली. तुम्ही पैसे देऊन, मी घेऊन.”

“मग आता?”

“आता बिनगोड आमिष. तेही कायम पुरेल असं लिहून देणार नाही.”

काम राहिले. दिलगिरी कोणी व्यक्त केली नाही. परतताना बसमध्ये वसंता म्हणाला, “झुरळ बदललं असं लोक म्हणतील. एकही झुरळ बदललेलं नाही. घराणं बदललं.”

परवा माझ्या स्वयंपाकघरात एक लहान तपकिरी झुरळ दिसले. जेलची नळी हाताशी होती. तरी मी आधी ग्लुकोजची चिमूट ठेवली. ते आले, मिशा हलवल्या, आणि पूड खाऊन गेले… म्हणजे जेल चालले असते. मी अजून लावलेले नाही. वसंताला हे मुळीच पटले नसते.