काजळदरी विकली म्हणे

नियमबाईंना ती बातमी कळली एका घोड्याच्या पत्रातून. घोडा नदी पोहून जात असेल आणि स्वाराचं चिलखत भिजलं, तर घोड्यावरचं ओझं वाढतं का, असं एका खेळाडूनं विचारलं होतं. पत्राच्या शेवटी ताजा कलम होता : 'तुमची कंपनी काजळदरी विकते आहे असं ऐकलं. खरं का? मग पुढे अडलं तर विचारायचं कुणाला?'

बाईंनी आधी घोड्याचं उरकलं. चिलखत कापडी असेल तर ओझं वाढतं, लोखंडी असेल तर वाढत नाही. पण लोखंडी असेल तर घोडा मुळात पाण्यात उतरणार नाही. मग त्यांनी ताजा कलम पुन्हा वाचला. चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला. शब्द सगळे ओळखीचे होते, पण अर्थ काही डोक्यात शिरेना.

काजळदरी हा टेबलाभोवती बसून खेळायचा खेळ. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात, कुणी चोर, कुणी वैद्य, कुणी तलवारबाज, आणि अडलं की फासे टाकतात. नियमांचं जाडजूड पुस्तक आहे. पण खेळणारी डोकी पुस्तकाच्या पुढे धावतात. अदृश्य माणसाची सावली पडते का? भुताला शिंक येते का? असल्या प्रश्नांना उत्तरं द्यायला कंपनीच्या दुसऱ्या मजल्यावर जिन्यालगतची एक खोली होती, आणि त्या खोलीत गेली चोवीस वर्षं या बाई बसत होत्या. लागल्या होत्या टायपिस्ट म्हणून. पहिल्याच आठवड्यात थोरल्या साहेबांनी पत्रांचा एक ढीग पुढ्यात ठेवला आणि म्हणाले, "लोक खेळ थांबवून वाट बघत बसलेत. काहीतरी लिहा, पण लवकर लिहा." बाईंनी लिहिलं. लोकांना पटलं. तेव्हापासून त्या नियमबाई. पत्रं आता पोस्टानं कमी आणि संगणकावर जास्त येत, पण बाई त्यांनाही पत्रंच म्हणत, आणि दिलेलं प्रत्येक उत्तर वहीत उतरवून ठेवत. अशा सव्वीस वह्या झाल्या होत्या. खेळ मात्र त्या स्वतः कधी खेळल्या नव्हत्या. वेळच मिळाला नाही.

बाई खाली गोदामात गेल्या. गोदामवाले काका फाशांची खोकी रचत होते.

"काका, काही ऐकलंत का?"

"ऐकलं म्हणजे? पक्कं आहे," काका म्हणाले. "खेळणीवाली कंपनी घेतेय. खूप मोठी. सगळा माल ट्रकात घालून नेणार."

बाई वर आल्या तर जिन्यातच चित्रकार भेटली. पुस्तकातले सगळे राक्षस हिच्याच हातचे. ती कुजबुजत म्हणाली, "काकांचं काही खरं मानू नका हो. खेळणीवाले नाहीत, सिनेमावाले आहेत. आणि खेळ नाही विकत, फक्त नाव विकतायत."

"फक्त नाव?"

"हो."

"म्हणजे खेळ इथंच राहणार?"

"हो ना."

"मग त्याला म्हणायचं काय?"

"हे मी विचारलंच नाही," ती म्हणाली, आणि हातातला ब्रश पाण्याऐवजी दुसऱ्या हातातल्या चहाच्या कपात बुडवून निघून गेली.

आता थोरले साहेब राहिले नव्हते, त्यांचा पुतण्या कारभार बघायचा. बाईंनी त्यालाच गाठलं. तो म्हणाला, "छे छे, असं काही नाही. कोण पसरवतं हे?" बाईंचा जीव भांड्यात पडला. त्या वळल्या तसा तो मागून म्हणाला, "बाई, शुक्रवारपर्यंत कपाटं जरा आवरून ठेवा. आणि खोलीतल्या वस्तूंची यादी."

"का?"

"सहज."

बाईंच्या मनात पाल चुकचुकली ती तिथं.

घरी यजमानांचं चष्मेदुरुस्तीचं दुकान होतं, घराच्याच पुढच्या खोलीत. गळ्यात भिंग अडकवून ते एक मोडकी दांडी जोडत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग विकली की नाही?"

"अहो, तेच तर कळत नाहीये."

"नाव विकायचं म्हणजे गंमतच आहे. मला सगळे चष्मेवाले म्हणतात. ते मी विकलं तर उद्यापासून मी कोण?"

"थट्टा नका करू."

"थट्टा कुठं? मलाच प्रश्न पडलाय."

बुधवारपर्यंत पत्रांचा पूर आला. घोडे संपले, भुतं संपली. सगळीकडून एकच विचारणा. वरून एक ओळ टाइप करून आली, सगळ्यांना हीच पाठवा म्हणून : 'अफवांवर कंपनी भाष्य करत नाही.' बाईंनी ती अकरा जणांना पाठवली. बाराव्याच्या आधी पहिल्याचं उलट उत्तर आलं. 'बाई, हे तुम्ही लिहिलेलं नाही. तुमची तब्येत बरी आहे ना?'

बाईंना कानकोंडं झालं. चोवीस वर्षांत प्रश्नाला उत्तर नाही असं पत्र त्यांच्या हातून गेलं नव्हतं. मग त्यांनी ती ओळ बाजूला सारली आणि स्वतःच लिहिलं : 'मी तिघांना विचारलं. तिघांनी तीन गोष्टी सांगितल्या. विकतायत की नाही, काय विकतायत, कुणाला विकतायत, मला माहीत नाही. कळलं की कळवीन. तोवर खेळ थांबवू नका.' दिवसभर त्या हेच लिहीत होत्या. संध्याकाळी त्यांना वाटलं, चला, निदान खोटं तरी काही लिहिलं नाही.

पण त्या खऱ्याचंही भलतंच झालं. खेळाडूंमध्ये आधी पसरलं, नियमबाईंनाही माहीत नाही. त्याचं पुढे झालं, नियमबाईंना अंधारात ठेवलं. मग, नियमबाईंना काढून टाकलं. आणि शेवटी, नियमबाई गेल्या. गुरुवारी दुपारी बाईंच्या नावानं, म्हणजे खरं तर 'नियमबाईंच्या कुटुंबीयांस' म्हणून, एक पत्र आलं. दोन पानं भरून सांत्वन होतं. झोपलेला राक्षस आवाज ऐकतो, पण त्याला ते स्वप्न वाटतं, आणि तिसऱ्या आवाजाला मात्र तो जागा होतो, हा बाईंचा निर्णय आपण आयुष्यभर विसरणार नाही, असं त्या माणसानं लिहिलं होतं. पत्र फार सुंदर होतं. बाईंचे डोळे भरून आले. आणि मग त्यांच्या लक्षात आलं की आपण कुणासाठी रडतोय.

या पत्राला उत्तर द्यायचं की नाही? द्यायचं तर कुणाच्या वतीनं? शेवटी त्यांनी लिहिलं : 'पत्र पोचलं. आभारी आहे. मी जिवंत आहे. विक्रीचं अजून कळलेलं नाही.'

चार वाजता पुतण्यासाहेबानं बोलावलं.

"बाई, हे काय लिहून बसलात? कंपनीला माहीत नाही म्हणून?"

"कंपनीला नाही, मला माहीत नाही असं लिहिलं. कंपनीला माहीत आहे का?"

साहेबानं दार लोटून घेतलं. चेहरा उतरला होता बिचाऱ्याचा. "खरं सांगू? मलाही नीट माहीत नाही. मोठा हिस्सा काकूंच्या नावावर आहे. त्यांचं कुणाशी तरी बोलणं चाललंय. कुणाशी, असं विचारलं तर म्हणतात, बघू. कधी, असं विचारलं तर म्हणतात, बघू. माझ्या टेबलाची यादीसुद्धा मलाच करायला लावलीय."

"कपाटं आवरून झालीत," एवढंच म्हणून बाई परत आल्या.

शुक्रवारी एक वकीलबाई आल्या. त्या कुणाच्या बाजूच्या हेही कुणी सांगितलं नाही, आणि विचारायचं कसं हे बाईंना कळलं नाही. वकीलबाई कपाटं बघत बघत वह्यांपाशी आल्या. एक वही उभ्यानं चाळली, दुसरी वाचली, तिसरीला खुर्ची ओढून बसल्या. भुताच्या शिंकेपाशी एकदा हसल्यासुद्धा. मग गंभीर होऊन म्हणाल्या, "हे नियम पुस्तकात का नाहीत?"

"पुस्तकात नाहीत म्हणून तर लोक विचारतात."

"मग तुम्ही आणलेत कुठून?"

"विचार करून."

"म्हणजे हे कंपनीचे की तुमचे?"

बाई मनात मोजू लागल्या. खोली कंपनीची, टेबल कंपनीचं, वह्याही कंपनीच्या. पण तो राक्षस स्वप्न बघतो हे सुचलं होतं ते घरी, भांडी घासताना.

"प्रश्न तर त्यांचे आहेत," त्या चाचरत म्हणाल्या, "म्हणजे खेळणाऱ्यांचे. तेही धरायला हवेत."

वकीलबाईंनी काहीतरी लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. जाताना त्यांनी कपाटाला कुलूप लावलं आणि त्यावर कागदी पट्टी चिकटवून सही केली. "ठरेपर्यंत," त्या म्हणाल्या.

घरी बाई यजमानांना म्हणाल्या, "माझं काय आणि त्यांचं काय, माझं मलाच कळेना."

यजमान भिंग वर करून म्हणाले, "नंबर डॉक्टर काढतो, काच मी बसवतो, डोळे गिऱ्हाइकाचे. चष्मा कुणाचा म्हणून आजवर कुणी भांडलं नाही बुवा. तुमचंच काय ते नवलाचं."

शनिवारी बाईंनी ठरवलं, उठायचं आणि ज्यांनी बातमी पसरवली त्यांनाच जाऊन विचारायचं. एका पुस्तकांच्या दुकानाच्या मागच्या खोलीत खेळाडू जमत, हे त्यांना पत्रांवरच्या पत्त्यांवरून ठाऊक होतं. त्या गेल्या, आपण कोण ते सांगितलं, आणि खोलीतले पाचही जण ताडकन उभे राहिले. एकजण तर भिंतीला टेकला. सांत्वनाचं पत्र त्याचंच होतं. बाईंचं उत्तर त्याला अजून मिळालं नव्हतं.

"मी फक्त विचारायला आलेय," बाई म्हणाल्या. पण ते ऐकतात कुठले! त्यांनी खुर्ची दिली, फासे दिले, एका म्हाताऱ्या वैद्यिणीचं पात्र दिलं. गोष्ट सांगणारी मुलगी म्हणाली, "तुम्ही गुहेत आहात. समोर राक्षस झोपलाय. त्याच्या पलीकडे दार आहे."

"बरं," बाई म्हणाल्या, आणि शेजारच्याला विचारलं, "तुम्ही विक्रीचं नक्की काय ऐकलंत हो?"

तो काहीच बोलेना. सगळ्यांनी श्वास रोखला होता. बाईंनी पलीकडच्याला विचारलं, "तुमच्या कानावर काय आलं?" तोही गप्प. "अहो, कुणीतरी सांगा ना, विकली की नाही?"

"तिसरा आवाज," मुलगी हळूच म्हणाली. "राक्षस जागा झाला."

"असा कुठं नियम आहे?"

"तुमचाच आहे, बाई."

राक्षसानं वैद्यिणीला खाल्लं. बाई खो खो हसल्या. आठवडाभरात पहिल्यांदाच त्यांना काय झालं ते नीट कळलं होतं. विक्रीबद्दल मात्र पाच जणांकडून पाच गोष्टी कळल्या. त्यातली एक त्यांनी स्वतःच बुधवारी लिहून पाठवलेली होती.

निवेदन आलं पाच आठवड्यांनी. 'काजळदरी या नाममुद्रेच्या वापराचे काही अधिकार, काही माध्यमांपुरते, काही काळासाठी भागीदाराकडे देण्यात येत आहेत.' गोदामवाले काका म्हणाले, "बघा, विकली म्हटलं नव्हतं?" चित्रकार म्हणाली, "बघा, खेळ नाही विकला म्हटलं नव्हतं?" बाईंनी साहेबाला विचारलं. तो छताकडे बघत म्हणाला, "विकली नाही. पण पूर्वीसारखी आपली आहे असंही नाही." वह्यांबद्दल करारात एकच ओळ होती : 'निर्णय नंतर.' तोपर्यंत बाईंनी काम चालू ठेवावं, मात्र कंपनीच्या शिक्क्याशिवाय.

त्याला आता दीड वर्ष होत आलं. पट्टी कपाटावर तशीच आहे, सहीची शाई थोडी फिकटली आहे. बाई रोज दहाला येऊन बसतात. अडचण एवढीच की पूर्वी आपण काय उत्तर दिलं होतं ते बघायची सोय उरली नाही. म्हणून जुनाच प्रश्न पुन्हा आला की त्या जुन्या खेळाडूंना लिहितात : मी तेव्हा काय म्हटलं होतं, आठवतं का? लोक हौसेनं कळवतात, आणि एकाचं दुसऱ्याशी जुळेल तर शपथ. परवा एकीनं विचारलं, आंधळ्या धनुर्धराला धुक्याचा त्रास होतो का. बाईंना आठवत होतं की हे पूर्वी येऊन गेलंय, पण काय लिहिलं ते काही केल्या आठवेना. तीन जुन्या खेळाडूंना विचारलं. दोघांनी लिहिलं, होत नाही असं तुम्ही म्हणाला होतात. तिसऱ्यानं लिहिलं, 'होतो, कारण धुक्यात बाकीचे घाबरून ओरडतात आणि त्याला नेम ऐकू येत नाही.'

हे आपण लिहिलं होतं की त्यानं स्वतःच रचलं, बाईंना सांगता येईना. पण उत्तर चांगलं होतं. त्यांनी सत्ताविसावी वही उघडली आणि तेच उतरवून घेतलं.