घाबरायला नेमलेला माणूस

आम्ही सायकलवाले चौघं चहाला बसलो की किस्से निघतातच. आमच्या किश्श्यांची गंमत अशी, की घडताना त्यातला एकही गमतीचा नसतो. घडताना मला नुसता घाम फुटलेला असतो, आणि तो उन्हाचा नसतो. मग जालन्यात परत येऊन स्टेशनजवळच्या हॉटेलात पंख्याखाली बसलं की तोच प्रसंग सांगून सगळे हसतात. मीही हसतो, पण जरा उशिरा!

काळेसर जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेले. इस्माईलभाई एमआयडीसीतल्या रोलिंग मिलमध्ये कामाला. वंदनाताई सरकारी दवाखान्यात सिस्टर. आणि मी बियाण्यांच्या कंपनीत, लॅबमध्ये. सुट्ट्या जोडून आल्या की सायकली काढायच्या आणि अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा असं भटकायचं. भर उन्हाळ्यातसुद्धा. हे उन्हाळ्याचं खूळ सरांचं.

सरांच्या हृदयात स्टेंट आहे. डॉक्टरांनी सायकल चालवा म्हटलं होतं, मे महिन्यात मंठ्याला जा असं म्हटलं नव्हतं. काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, सरांना अडवून पाहिलं. जमलं नाही, तेव्हा मला घरी बोलावलं. मी म्हटलं, काकू, मी एक नंबरचा भित्रा आहे, तुम्ही इस्माईलभाईंना सांगा.

"म्हनून तर तुला सांगून राह्यले," काकू म्हणाल्या. "शूर मानसाला वेळेवर भ्या वाटत न्हाई. ह्यांना जित्तं घरी आन."

तेव्हापासून घाबरणं ही माझी ड्यूटी आहे.

* * *

इस्माईलभाईंना उन्हाचं काही वाटत नाही. म्हणजे वाटत नव्हतं. "मी भट्टीसमोर उभा राहतो," ते सांगायचे, "हे ऊन म्हंजी आपल्याला एसी."

घनसावंगीच्या रस्त्यावर आम्ही सगळ्यांनी गमछे भिजवून डोक्याला बांधले. भाईंनी बांधला नाही. दुपार चढली तसे सारखे बडबडणारे भाई गप्प झाले. मग त्यांनी सायकल आडवी केली, चपला काढून नीट शेजारी शेजारी ठेवल्या आणि रस्त्याच्या मधोमध आडवे व्हायला लागले. मी ओरडलो, भाई, हे काय चाललंय! ते शांतपणे म्हणाले, "इथं थंड हाय."

खाली डांबर पाघळत होतं. समोरून ट्रक येत होता. आम्ही तिघांनी त्यांना बखोटीला धरून बाभळीखाली ओढलं, आणि वंदनाताईंनी होतं नव्हतं तेवढं पाणी त्यांच्या मानेवर ओतलं. ट्रक हॉर्न वाजवत निघून गेला. 

संध्याकाळी भाई ताळ्यावर आल्यावर मी विचारलं, मग भट्टीपुढं तुम्ही टिकता तरी कसे? 

"तिथं मागून मोठा पंखा राह्यते ना."

* * *

परतूरच्या अलीकडं एकदा सगळ्यांच्या बाटल्या संपल्या. हापसा कोरडा. रस्त्याला माणूस नाही. एका रानाच्या बांधावर लिंबाखाली प्लास्टिकचा कॅन दिसला. सरांनी कॅन उचलला आणि मी नको म्हणेपर्यंत गटागटा प्यायले.

तेवढ्यात रानाच्या पार टोकाकडून एक शेतकरी हात वर करून धावत सुटला. "पिऊ नका! पिऊ नका!" लिंबाच्या पलीकडच्या अंगाला फवारणीचा पंप ठेवलेला होता. तो मला आत्ता दिसला.  वंदनाताईंनी सरांना खाली बसवलं आणि घशात बोटं घालून ओकारी काढायची तयारी केली. सर नको नको म्हणत होते. मी त्यांचे दोन्ही हात धरून ठेवले होते आणि काकूंना काय सांगायचं याची मनातल्या मनात जुळवाजुळव करत होतो. एकही वाक्य जुळत नव्हतं.

शेतकरी पोचला. धापा टाकत कमरेवर हात ठेवून उभा राहिला. मी रडवेल्या आवाजात विचारलं, त्यात काय होतं?

"पानीच हाय," तो म्हणाला. "पन उन्हानं तापलंय हो. माठातलं थंड देतो की!"

* * *

मेंढरांच्या वाड्यांची कुत्री हा माझा जुना प्रश्न. भोकरदनच्या बाजूला एका चढावर दोन कुत्री आमच्या अंगावर आली. चढावर सायकल पळत नाही. इस्माईलभाई म्हणाले, उतरा, आणि त्यांच्या डोळ्यात बघू नका. मी उतरलो आणि सायकल मधे धरून उभा राहिलो. मोठं कुत्रं सायकलीला वळसा घालून माझ्या पोटरीपाशी आलं. त्याचा श्वास कातडीला लागत होता. मेंढपाळ लांब होता आणि त्याला काही घाई नव्हती.

तेव्हा सर मागून आले. छत्तीस वर्षं वर्गावर काढलेला तो आवाज त्यांनी लावला, "खाली बस!"

कुत्रं बसलं.

मीही बसलो.

* * *

याच्यावर हॉटेलात सगळे भरपूर हसतात. पुढचा किस्सा मात्र मी कुणाला सांगत नाही.

गेल्या वर्षापासून सर मधेच थांबायला लागले. थांबले की काहीतरी बघायचे. तो पक्षी बघ, हा दगड बघ. मला आधी बरं वाटायचं, तेवढीच विश्रांती. अंबडहून येताना ते एका झाडापाशी थांबले. हँडलवर कपाळ टेकलं होतं. मी जवळ गेलो तसे ताठ झाले आणि म्हणाले, पळस बघतोय, काय फुललाय!

मी वर पाहिलं. झाड लिंबाचं होतं.

त्याच वेळी काकूंचा फोन आला. सर माझ्याकडे बघत होते, आणि त्या नजरेत विनंती होती. मी काकूंना म्हटलं, सगळं बराबर आहे.  रात्रभर ठरवत होतो की उद्या काकूंना खरं सांगायचं. दुसऱ्या दिवशी सर हसत आले, नवी टोपी घालून, आणि माझ्याच्यानं बोलवलं नाही.

* * *

आता हा शेवटचा.

मंठ्याच्या पलीकडं एका गावात सरांची नोकरीतली पहिली वर्षं गेली होती. ते गाव त्यांना पुन्हा बघायचं होतं, म्हणून या मे महिन्यात आम्ही तिकडं निघालो. दुपारी गाव जवळ आलं. सर पुढं होते. रस्ता डावीकडं वळला, आणि सरांची सायकल वळलीच नाही. ती सरळ नांगरलेल्या रानात गेली आणि कोसळली.

वंदनाताईंनी त्यांच्या कपाळाला, मग काखेत हात लावला. "घाम थांबलाय," त्या म्हणाल्या. त्यांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. ॲम्ब्युलन्सला फोन लागला, पण ती लांब होती. इस्माईलभाई गाडी अडवायला रस्त्याकडं पळाले. मी आणि ताईंनी सरांना उचलून शेजारच्या विहिरीवरच्या हौदापाशी आणलं. तिथं एक म्हातारी शेळ्यांना पाणी पाजत होती. तिनं न विचारता पोतं भिजवून सरांच्या अंगावर टाकलं आणि बादलीनं पाणी ओतायला लागली.

सरांचे डोळे मिटलेले होते. अंग चटका बसेल असं तापलं होतं. आणि ते बोलायला लागले. नावं घेत होते, एकेक, मधे थांबून. ते हजेरी घेत होते.

"सुभाष." थांबले. पुन्हा, "सुभाष."

 म्हातारीनं मला कोपरानं ढोसलं. "हजर म्हन की रे! थांबला तर जाईल त्यो."

"हजर," मी म्हणालो.

"अन्वर."

"हजर."

"मंदा."

"हजर," वंदनाताई म्हणाल्या. त्या रडत होत्या आणि नाडी धरून होत्या.

नावं येत गेली, आम्ही हजर म्हणत गेलो. दोन नावांमधलं अंतर वाढत चाललं. मी हात जोडायचे म्हणून जोडले, पण कुणाला काय म्हणायचं ते सुचेना. काकूंचं ते ‘जित्तं घरी आन’ तेवढं कानात होतं.

"लिंबाजी," सर पुटपुटले. ऐकू येईल न येईल असं.

मी हजर म्हणायला तोंड उघडलं.

"हजर, सर."

आवाज माझ्या पाठीमागून आला. वळून पाहिलं. रस्त्यावर टरबुजांचा पिकअप उभा होता, इस्माईलभाई त्याचं मागचं फाळकं उघडत होते. आणि आमच्या मागं पिकअपचा ड्रायव्हर, केस पिकलेला माणूस, चपला काढून, हाताची घडी घालून चिखलात उभा होता.

सरांनी डोळे उघडले. त्याच्याकडं बराच वेळ पाहिलं.

"उशीर का झाला?"