तांदळाच्या पिठानं धरलेली गळती

दाजीसाहेब कारभाऱ्यांनी नाशकाहून जुनी मोटार विकत घेतली, तेव्हा ती जव्हारचा शेवटचा चढ काही चढेना. मग तिला बैल जुंपले आणि ते हाकत आणले लाडक्यानं. बैल गोठ्यात गेले, लाडक्या मात्र मोटारीलाच चिकटला. सोबत आलेल्या मिस्त्रीकडून पंधरा दिवसांत तो ती चालवायलाही शिकला. तेव्हापासून मोखाड्याकडच्या त्याच्या पाड्यात त्याला कुणी नुसतं ‘लाडक्या’ म्हटलं तर तो ओ देत नसे. ‘मोटारवाला’ म्हणावं लागे. त्याच्या बायकोला, नवशीलासुद्धा.

अशा माणसाच्या मोटारीनं मागून गळावं, ही काय कमी नामुष्की? मोटार उभी असायची ती कारभाऱ्यांच्या पडवीत, त्यांच्या पत्नी माईसाहेबांनी हौसेनं घातलेल्या नव्या शहाबादी फरशीवर. महिनाभर त्या फरशीवर रोज तेलाचं थारोळं होत होतं. माईसाहेबांनी शेवटी लाडक्याला बोलावून स्वच्छ सांगितलं, “शुक्रवारी माझं हळदीकुंकू आहे. तोवर हे थांबलं नाही, तर मोटार गोठ्यात आणि तू पुन्हा बैलगाडीवर.”

आता लाडक्यानं पाड्यात कुठल्या तोंडानं जायचं?

सल्ला द्यायला मात्र सगळं गाव तयार. लोहार म्हणाला, आसाला चीर गेलीय. वैद्य म्हणाले, उष्णता झालीय, थंड पाण्यानं न्हाऊ घाला. तेही करून झालं. मोटार न्हाली आणि पहिल्यापेक्षा जोमानं गळू लागली.

लाडक्याला कोडं हे, की मागच्या आसाच्या मधोमध जो लोखंडी भोपळा असतो, त्यात तेल तो स्वतः घालायचा आणि मिस्त्रीनं शिकवलं होतं तसंच घालायचा. बूच काढून बोट आत घालायचं, तेल भोकाच्या दोन बोटं खाली लागलं की बस. आणि रोज सकाळी पाहावं, तर इतकं गळूनही तेल बरोबर तेवढंच.

नवशीनं हे सगळं ऐकलं आणि ती हसायलाच लागली. “मडकं गळलं तं मी काय करते? कोरडं पीठ फासते. भिजल तेथं भोक. इतका मोटारवाला तू, आन् येवढं ठावं नाय?”

लाडक्याला राग आला, पण पीठ त्यानं घेतलं. नागलीचं, म्हणजे नाचणीचं नव्हे, ते काळसर, त्यावर डाग कसा दिसणार? नवशीनं जपून ठेवलेलं तांदळाचं पीठ नेलं. गुरुवारी सकाळी त्यानं आस घासलेटनं धुतला, फडक्यानं कोरडा केला आणि या चाकापासून त्या चाकापर्यंत पीठ फासलं. आस पांढराधोप झाला. मग हात धुऊन तो जेवायला गेला.

परत आला तर दोन्ही टोकांना, चाकांच्या आतल्या बाजूला, पीठ भिजलेलं. मधला भोपळा कोरडा. म्हणजे चीर नव्हे. तेल आत इतकं चढलं होतं, की दोन्हीकडून वाट काढत होतं. पण बुचावरचं पीठ कुठं गेलं? तिथं पाच बोटं उमटली होती. लाडक्यानं बूच काढलं आणि तेल भळकन त्याच्या हातावर आलं.

त्यानं मान वर केली. समोर आरामखुर्चीत दाजीसाहेब वर्तमानपत्र वाचत होते. काळ्या अल्पाकाच्या कोटावर कोपरापर्यंत तांदळाचं पीठ, मिशीवर पीठ, टोपीवर पीठ. वर्तमानपत्र उलटं.

तेवढ्यात माईसाहेब बाहेर आल्या. “लागला का पत्ता?”

“जास्त तेल झालं, माईसाहेब.”

“कुणी घातलं जास्त?”

लाडक्यानं हाताचं तेल फडक्याला पुसलं. खरं सांगावं, तर ज्या माणसानं आपल्याला बैलांमागून उठवून मोटारीवर बसवलं, त्याचं घरात हसं व्हायचं. लाडक्याच्या डोळ्यांपुढे मोटारीचं चाक आलं, मग बैलांच्या शेपट्या दिसल्या. त्यानं मान खाली घातली.

“मीच घातलं.”

खुर्ची करकरली. “खोटं बोलतोय तो,” दाजीसाहेब म्हणाले. “मी घालत होतो. रोज दुपारी, हा जेवायला गेला की. महिन्यापूर्वी एकदा घाट चढून आली तेव्हा थेंबभर गळली. मला वाटलं, उपाशी आहे बिचारी. जास्त गळायला लागली, तसं मी जास्त घालत गेलो.”

“अहो, पण कशाला?”

दाजीसाहेबांचा आवाज बारीक झाला. “मोटार माझी, आणि मला ती जागची हलवता येत नाही. म्हटलं, निदान एवढं तरी तिचं आपल्या हातून व्हावं.”

माईसाहेबांनी नवऱ्याकडे नीट पाहिलं. त्यांना हसू येत होतं आणि डोळेही भरले होते. पदरानं त्यांनी आधी दाजीसाहेबांची मिशी पुसली.

“लाडक्या, शनिवारपासून यांना मोटार चालवायला शिकव.”

लाडक्याचा जीव भांड्यात पडला. पण मोटारवाल्याचा तोरा तो लगेच कसा सोडणार?

“शिकवतो, माईसाहेब,” तो म्हणाला. “पण मी सांगल तसंच करायचं, असं तुम्हीच सांगा दाजीसाहेबांना.”

“सांग हो त्याला,” दाजीसाहेब घाईघाईनं बायकोला म्हणाले, “मी सगळं ऐकेन.”